बारीक माणसाची शुगर

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय दोघांचाही 22.3 होता. अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची 9.1 टक्के भरली आणि याज्ञिकांची 21.2 टक्के.

मधुमेहाचा विषय निघाला की मी आधी या फोटोबद्दल सांगते. आपल्याकडे अजूनही शुगर म्हटलं की सुटलेलं पोट आणि पेढ्यांचा डबाच डोळ्यांपुढे येतो. माझ्या मामाला मधुमेह निघाला तेव्हा घरात जो तो म्हणत होता, “याला कशी झाली शुगर? अंगावर मूठभर मांस नाही!” तो मूठभर नसलेल्या मांसाचाच प्रश्न होता, हे मला फार उशिरा कळलं.

जेवणातली साखर रक्तात उतरली की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्शुलिन सोडतात आणि त्याच्या सांगण्यावरून शरीर ती साखर उचलतं. त्यातली सगळ्यात जास्त स्नायूंच्या कोठारात जाते. आता हे कोठारच लहान असेल तर? त्यात चरबी कातडीखाली मावेनाशी होऊन यकृतात, आतड्यांभोवती जाऊन बसली, की यकृत इन्शुलिनला जुमानत नाही. रात्री आपण उपाशी झोपलेले असतो आणि ते रक्तात साखर ओततच राहतं. स्वादुपिंड मग जास्त इन्शुलिन बनवून वेळ निभावून नेतं. काही वर्षं रिपोर्टही ‘नॉर्मल’ येतात. पण बीटा पेशी हळूहळू थकत जातात. ब्रिटनमधल्या ‘यूकेपीडीएस’ या वीस वर्षं चाललेल्या अभ्यासातून असा अंदाज निघाला, की निदान होतं तेव्हाच त्यांची जवळपास निम्मी ताकद संपलेली असते.

म्हणजे सुरुवात फार मागे आहे. किती मागे, हे पुण्याजवळच्या सहा गावांनी दाखवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये तिथल्या बायकांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, त्यांना दिवस जाण्याच्याही आधीपासून. या गावांतली बाळं जन्मली ती सरासरी 2.7 किलोंची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं 3.5 किलोंची. पण उणीव सगळीकडे सारखी नव्हती. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं वजनाने बरी निघाली. विहिरीचं पाणी ओढणं, शेतातलं काम यांचा भार जिच्यावर जास्त, तिचं बाळ लहान.

हीच मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा 37 टक्के मुलगे आणि 18 टक्के मुली यांची साखर मर्यादेबाहेर गेलेली होती, बहुतेकांची मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि ही मुलं सडपातळ होती. ज्यांची साखर सहाव्या, बाराव्या वर्षीच इतरांपेक्षा वर होती, त्यांना हा धोका अधिक होता. हे वाचलं तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. अठराव्या वर्षी ज्याची साखर वाढते, त्याला आपण ‘जिभेवर ताबा ठेव’ एवढंच सांगायचं?

देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहे. त्यात सगळ्यात वरचा आकडा गोव्याचा आहे, 26.4 टक्के.

निदानाचे आकडे सोपे आहेत. उपाशीपोटी 126 किंवा जास्त, 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 200 किंवा जास्त, किंवा लोक जिला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात ती एचबीए1सी 6.5 किंवा जास्त. त्रास काही नसेल तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात. तीन महिन्यांच्या शुगरबद्दल एक गोष्ट आपल्या बायकांसाठी मुद्दाम सांगते. ही तपासणी तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल, तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणून हिमोग्लोबिनचा रिपोर्टही डॉक्टरांपुढे ठेवावा.

उपचारात मेटफॉर्मिन ही गोळी अजूनही पहिल्या फळीत आहे. तिची मुळं युरोपातल्या गॅलेगा नावाच्या रानवनस्पतीत आहेत. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या हृदय आणि किडनीलाही सांभाळतात. बीटा पेशी फारच थकल्या तर इन्शुलिन लागतं, आणि ते लागणं म्हणजे शेवट आला, ही भीती मनातून काढायला हवी. पण मला सगळ्यात आशेची वाटते ती न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांची वाट. त्यांच्या एका लहान अभ्यासात वीस जण होते, सगळे बीएमआय 27 च्या आतले. थोडंसंच वजन उतरवल्यावर त्यांतल्या 14 जणांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या खाली आली. यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली होती. मुळातच कमी मांस असलेल्याने नुसती उपासमार मात्र करू नये. डाळी, उसळी, दूध, अंडी पोटात जायला हवीत आणि चालण्याच्या जोडीला वजन उचलण्याचा, उठाबशांचा व्यायाम हवा. तोही डॉक्टरांना विचारून, कारण गोळ्या चालू असताना साखर एकदम खाली जाऊ शकते.

मामाला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही. एकदा तो मंडईतून घरी आला तेव्हा मामीने विचारलं, “अहो, डाव्या पायातली चप्पल कुठंय?” ती वाटेत कधी निसटली ते त्याला कळलंच नव्हतं. टाचेत काचेचा तुकडा घुसला होता, पण साखरेने पायाच्या नसा बधिर झालेल्या, त्यामुळे दुखत काहीच नव्हतं. ती जखम भरायला चार महिने लागले. आता रोज रात्री तो खाटेवर पाय लांब करून बसतो, मामी कुंकवाच्या डब्यातला छोटा आरसा तळव्यांखाली धरते आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा दिव्याच्या उजेडात एकेक करून बघून घेते.