पूल आहे, परमिट नाही!

फोटो बघितला आणि मी खल्लास! सपाट छप्पर, काचेच्या भिंती, निळाशार पूल, मागे उघडाबोडका डोंगर. खाली एक ओळ : ‘सुट्टीसाठी भाड्याने द्यायला उत्तम’. गाव पाम स्प्रिंग्ज, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं. आम्ही दोघं नोकरीसाठी लॉस एंजेलिसला, म्हणजे शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालं की दोन-अडीच तासांत पूलमध्ये पाय! आणि आपण नसू तेव्हा पाहुणे राहतील, त्यांच्या भाड्यात हप्ता फिटेल. तुमच्या ग्रुपमध्ये लोणावळा-कर्जतच्या सेकंड होमबद्दल कुणी ना कुणी हेच सांगत असतं ना? तस्संच.

गावाला ग्लॅमरही आहे. फ्रँक सिनात्राने १९४७मध्ये इथे घर बांधून घेतलं, पियानोच्या आकाराच्या पूलसकट. आजही फेब्रुवारीत जुन्या मॉडर्न घरांचा उत्सव भरतो, एप्रिलमध्ये जवळच्या इंडिओला कोचेला फेस्टिव्हल. घर दाखवणारा एजंट म्हणाला, ‘‘हे घर वीकेंडला कधी रिकामं नसतं.’’ नवऱ्याने लगेच लॅपटॉपवर एक्सेल उघडलं. पन्नास वीकेंड गुणिले भाडं. आकडा इतका सुंदर होता की आम्ही बाहेर जेवायला गेलो.

रात्री वाशीला बाबांना फोन केला. बाबांनी पूलचं कौतुक वगैरे काही केलं नाही. पहिला प्रश्न : ‘‘जमीन कुणाची?’’

मी हसले. अमेरिकेत काय सातबारा बघायचा! पण बाबांनी उभी हयात सिडकोच्या लीजवरच्या सोसायटीत काढली आहे. घर आपलं आणि जमीन आपली यात केवढं अंतर असतं, ते त्यांना पाठ आहे. म्हणून कागद उघडले, तर काय? खरोखरच जमीन लीजवर!

गोष्ट मोठी मजेशीर आहे. एकोणिसाव्या शतकात सरकारने इथल्या जमिनीचे मैल-मैलाचे चौकोन पाडले. एक आड एक चौकोन रेल्वेला, मधले आग्वा कॅलिएंते या काविया आदिवासी समाजाला. नकाशा बघाल तर थेट बुद्धिबळाचा पट. १९५९मध्ये कायद्याने ९९ वर्षांपर्यंतच्या लीजला परवानगी मिळाली आणि त्या चौकोनांवर बंगले, हॉटेलं उभी राहिली. म्हणजे एकाच गावात काही घरांखालची जमीन मालकाची आणि काहींखालची लीजची. लीजचं घर स्वस्त दिसतं, कारण जमिनीचं भाडं वेगळं भरायचं असतं. शिवाय लीजची वर्षं कमी उरली की बँक कर्ज द्यायला कां-कूं करते. जमीन मूळ ज्यांची, त्यांनाच भाडं जातं, याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त एक्सेलमध्ये त्याचा रकाना नव्हता!

तरी आम्ही हटलो नव्हतो. मग मी नगरपालिकेत फोन केला. तो आधी करायचा असतो, किचनचे ओटे बघायच्या आधी. फोनवरच्या बाईंनी शांतपणे समजावलं. पाम स्प्रिंग्जने २०२२मध्ये नियम कडक केले. नव्या परमिटवर वर्षाला जास्तीत जास्त २६ भाडेकरार. पाहुणे दोन रात्री राहोत की दहा, करार एकच धरायचा. जुन्या परमिटवाल्यांना आधी ३६ची मुभा होती, एजंटच्या गप्पा त्या काळातल्या. वर्षात वीकेंड ५२ आणि करार २६. म्हणजे एक्सेल तिथेच अर्धं झालं.

पुढचं ऐका. घर विकलं की परमिट घराबरोबर येत नाही, नव्या मालकाने नव्याने अर्ज करायचा. आणि एखाद्या वस्तीतल्या २० टक्के घरांना आधीच परमिट असेल तर वेटिंग लिस्ट. आमची वस्ती? अर्थातच त्यातली. एजंटला विचारलं तर म्हणाला, ‘‘परमिटचं तुम्ही विचारलंच नव्हतं!’’ खरं होतं. आम्ही पूलची खोली विचारली होती.

बाजूच्या गावात घेऊ म्हटलं, तर कॅथेड्रल सिटीच्या मतदारांनी २०२१मध्ये असा धंदा बहुतांशी बंद करण्यालाच कौल दिलेला.

मी चिडले होते, खोटं कशाला बोलू? घर माझं, कर्ज माझं, मग पाहुणे मोजणारे हे कोण? तरी घर शेवटचं बघायला म्हणून जुलैत एक चक्कर मारली. दुपारी दारात उभं राहवत नव्हतं. २०२४च्या ५ जुलैला इथे पारा ५१ अंशांवर गेला होता. अशा उन्हात कोण पैसे देऊन येणार? आले तर एसी अखंड चालणार, बिल आपलं. शेजारच्या आजी झाडांना पाणी घालत होत्या. म्हणाल्या, दर शुक्रवारी पलीकडे नवीन माणसं येतात, नवीन गाड्या, नवीन आरडाओरडा. बाहेर स्पीकर लावायला बंदी आहे, तरी लावतात. रात्री बरं वाटेनासं झालं तर कुणाचं दार वाजवायचं, हेच कळत नाही.

मला एकदम वाशी आठवली. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट पोरांना रोजच्या भाड्याने द्यायला लागले, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून नोटीस कुणी लावली होती? बाबांनी. आणि फोनवरून त्यांना ‘शाब्बास’ कोण म्हणालं होतं? मी.

परत येताना गाडीत दोघंही गप्प. पवनचक्क्यांची रांग लागली तेव्हा नवरा म्हणाला, ‘‘वर्षातून चारदा आपण भाड्यानेच राहिलो तर किती होतील?’’ घरी येऊन हिशेब केला. त्या घराच्या दोन महिन्यांच्या हप्त्यापेक्षाही कमी.

नोव्हेंबरमध्ये गेलो, तीन रात्री. दुसऱ्या कुणाच्या तरी घरात, त्याच्या सव्वीस करारांतला एक आमच्या नावावर. पूल होता. स्पीकर आतच ठेवला.