बायकांना रस्ते कळत नाहीत? मेंदूचे स्कॅन काय सांगतात

नव्या गावात गाडी शिरली की वाद ठरलेला. ‘पुढून उजवीकडे,’ असं तो म्हणतो. ‘नाही, देऊळ गेलं की डावीकडे,’ असं ती म्हणते. मग ‘बायकांना रस्ते कळत नाहीत’ हा शेराही येतोच. हे विज्ञानानेच सिद्ध केलंय, असं सांगणारेही भेटतात. पण विज्ञान नेमकं काय म्हणतं?

चक्रव्यूहाचा प्रयोग

जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १२ पुरुष आणि १२ स्त्रियांना एफएमआरआय यंत्रात झोपवून संगणकावरचा चक्रव्यूह दाखवला. त्यातून बाहेर पडायची वाट त्यांनी शोधायची होती. मेंदूत कुठे रक्तपुरवठा वाढला हे यंत्र टिपतं. त्यावरून कोणता भाग जास्त काम करतोय ते कळतं.

दोघांच्याही मेंदूतले बरेचसे भाग सारखेच कामाला लागले. त्यात उजवा हिप्पोकॅम्पसही होता. कानशिलाच्या आत खोलवर असलेला हा भाग परिसराचा नकाशा मनात तयार करायला मदत करतो. फरक असा, की पुरुषांमध्ये डावा हिप्पोकॅम्पसही जास्त सक्रिय दिसला. स्त्रियांमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूचे माथ्याकडचे आणि कपाळामागचे भाग. सरासरीने पुरुष लवकर बाहेर पडले.

फरक पद्धतीचा?

याचा एक अर्थ असा लावला जातो, की स्त्रिया खुणा ध्यानात धरून वाट काढतात, तर पुरुष दिशा आणि अंतराचा अंदाजही सोबत घेतात. म्हणजे देऊळ सांगणारी ‘ती’ चुकत नसते, तिची पद्धत वेगळी असते. शिवाय कुठली वस्तू कुठे ठेवली आहे, हे लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत अनेकदा स्त्रियाच सरस ठरल्या आहेत.

आणि हे सगळं सरासरीचं बोलणं आहे. वाट चटकन शोधणाऱ्या बायका आणि हमखास चुकणारे पुरुष, दोन्ही भरपूर आहेत.

जन्मजात की सवयीचं?

स्कॅन आजचा मेंदू दाखवतो. तो तसा का झाला, हे सांगत नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. पुढे शिकाऊ चालकांची तपासणी झाली, तेव्हा परीक्षा पास झालेल्यांमध्ये ही वाढ प्रशिक्षणाच्या काळातच झाल्याचं दिसलं. सरावाने मेंदू बदलतो, तो असा.

आपल्याच देशातलं उदाहरण आणखी बोलकं आहे. ईशान्य भारतातील खासी समाजात वारसा धाकट्या मुलीकडे जातो. शेजारच्या कार्बी समाजात जमीन पुरुषांच्या नावे असते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही समाजांतल्या सुमारे १,३०० जणांना चित्राचे तुकडे जुळवायला दिले. हे काम वाट शोधण्याचं नसलं तरी आकार आणि जागेच्या आकलनाचंच आहे. कार्बी पुरुषांनी ते स्त्रियांपेक्षा बरंच लवकर केलं. खासींमध्ये मात्र स्त्री-पुरुष असा फरक दिसलाच नाही. कार्बी स्त्रियांचं शिक्षण पुरुषांपेक्षा कमी होतं, आणि फरकाचा काही भाग त्यातूनच आलेला होता.

शरीराचा, हार्मोन्सचा वाटा किती, यावर संशोधन चालू आहे. पण मुलग्याला सायकल देऊन गावभर फिरू द्यायचं, मुलीला मात्र सोबतीशिवाय कोपऱ्यावरही पाठवायचं नाही, आणि मग तिला रस्ते कळत नाहीत म्हणायचं, याला विज्ञानाचा आधार नाही.