हज-उमराहला जाताना सिमकार्ड कोणते घ्यावे?

कुरखेड्यातल्या एखाद्या घरातून हजचे नाव निघाले की मोहल्ल्यात तयारीची लगबग सुरू होते. एहराम, चपला, औषधे, तिखट-मसाला, दुआंची पुस्तिका, सगळ्याची यादी होते. अरकान शिकवायला मौलाना असतात, प्रशिक्षण शिबिरे असतात, जाऊन आलेले हाजी साहेब असतात. मोबाइलच्या बाबतीत मात्र "तिथे गेल्यावर पाहू" एवढ्यावरच काम भागवले जाते. मी पेशाने शिक्षक, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात हँडसेट घेऊन घरी येणारे बरेच असतात. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच ते असतात. ती उत्तरे एका ठिकाणी असावीत म्हणून हा लेख.

प्रश्न लहान वाटतो, पण लहान नाही. २०२४ च्या हजला १८ लाखांहून अधिक यात्रेकरू होते. त्या वर्षी मक्केत तापमान ५१ अंशांच्या वर गेले आणि सौदी सरकारने १,३०१ मृत्यू जाहीर केले. अशा गर्दीत आणि उन्हात सत्तरीतले आई-वडील एकमेकांपासून दुरावले तर त्यांच्या हातातला चालू फोन ही चैन राहत नाही, ती गरज होते.

आपल्या वाडवडिलांच्या काळी मुंबईहून जहाज निघे आणि हाजी परत येईपर्यंत घरच्यांना पत्राची वाट पाहावी लागे. ती जहाजे १९९५ मध्ये बंद झाली. योगायोग असा की त्याच वर्षी, ३१ जुलैला, भारतात मोबाइलवरून पहिला फोन झाला. आज यात्रेकरू नागपुरातून विमानात बसतो आणि काही तासांत तिकडे उतरतो. उतरल्यावर तासाभरात फोन आला नाही तर घरचे कासावीस होतात. म्हणून निघण्यापूर्वी थोडा विचार केलेला बरा.

तीन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे आपलेच भारतीय सिम, रोमिंगचा पॅक घालून वापरणे. नंबर बदलत नाही, कुणाला काही सांगावे लागत नाही, उतरताच फोन सुरू होतो. दहा-पंधरा दिवसांच्या उमराहसाठी आणि ज्यांना फोनचे फारसे कळत नाही त्यांच्यासाठी हा सोपा मार्ग. अडचण दोन प्रकारची. लांब मुक्कामाला पॅक महाग पडतो. शिवाय मक्केत शेजारच्या इमारतीतल्या सोबत्याला फोन करायचा तरी तो परदेशातल्या दराने होतो.

दुसरा मार्ग सौदी अरबचे स्थानिक सिम. तिथे एसटीसी, मोबिली आणि झेन या तीन मोठ्या कंपन्या आहेत. हज-उमराहला येणाऱ्यांसाठी त्यांचे वेगळे पॅक असतात आणि विमानतळावर विक्रीचे काउंटर असतात. हज समितीमार्फत जाणाऱ्यांचा मुक्काम बहुधा चाळीस दिवसांच्या आसपास असतो. एवढ्या दिवसांसाठी हेच सिम परवडते.

तिसरा मार्ग ई-सिमचा. यात कार्ड बदलावे लागत नाही, कोड स्कॅन करून सिम हँडसेटमध्येच उतरते. मात्र हँडसेट ई-सिम चालणारा हवा. प्रवाशांसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ई-सिममध्ये फक्त इंटरनेट मिळते, स्थानिक फोन नंबर मिळत नाही. हॉटेलवाल्याला किंवा ताफ्यातल्या साथीदाराला साधा फोन करायचा तर ते उपयोगी पडत नाही. तरुणांसाठी ठीक, वडीलधाऱ्यांसाठी नाही.

माझा सल्ला सहसा असा असतो: दोन सिमचा हँडसेट घ्यावा. एका खणात आपले भारतीय सिम एसएमएससाठी, दुसऱ्यात सौदी सिम बोलण्यासाठी आणि इंटरनेटसाठी. भारतीय सिमचे डेटा रोमिंग बंद ठेवावे, म्हणजे मागच्या मागे पैसे जात नाहीत. हँडसेट आधी तपासावा. जिओफोनसारखा एकाच कंपनीला बांधलेला फोन दुसऱ्या कंपनीचे सिम घेतच नाही.

पॅक घेताना चार प्रश्न

काउंटरवर गर्दी असते, भाषा अडते, मागचे लोक घाई करतात. म्हणून चार प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्यावेत.

मुदत किती दिवसांची? ४० दिवसांच्या मुक्कामाला २८ दिवसांचा पॅक घेतला तर नेमक्या कामाच्या वेळी फोन बंद पडायचा. हज मुक्कामाच्या सुरुवातीला येतो की शेवटी, हे विमानाच्या तारखेवर ठरते. त्याप्रमाणे मुदत पाहावी.

स्थानिक मिनिटे किती? यात्रेकरूचे निम्मे फोन मक्केतून मक्केतच होतात. नवरा-बायको, ताफ्यातले लोक, हज इन्स्पेक्टर, सगळे तिथेच असतात.

भारतात बोलायची मिनिटे आहेत का? "अमर्याद कॉल" असे लिहिलेले असले तरी ते बहुधा देशातल्या देशात असतात. भारतासाठीचे वेगळे विचारावे.

संपल्यावर रिचार्ज कसा करायचा? दुकानातून की अ‍ॅपवरून, हे घेतानाच समजून घ्यावे.

किमतीचा हिशेब अवघड नाही. रियाल डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरचे ३.७५ रियाल. डॉलरचा त्या दिवशीचा भाव ३.७५ ने भागला की एका रियालचे रुपये निघतात. सातवीतला मुलगाही हे गणित करून देईल. उलट ते त्याच्याकडूनच करवून घ्यावे.

बोटांचा ठसा

सौदी अरबमध्ये सिम घ्यायला पासपोर्ट, व्हिसा आणि बोटांचा ठसा लागतो. ठशाचा नियम २०१६ पासून आहे. आपल्याकडच्या लोकांची खरी अडचण इथे होते. ज्यांनी जन्मभर धानाच्या बांधीत रोवणी केली, तेंदूपत्ता तोडला, मोहफुले वेचली, त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. रेशन दुकानाच्या मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून ताटकळलेली म्हातारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तिथेही तेच होऊ शकते.

यावर उपाय साधे आहेत. निघण्यापूर्वी पंधरा दिवस रोज रात्री बोटांना व्हॅसलीन लावावे. ते बिनवासाचे घ्यावे, म्हणजे पुढे एहरामच्या काळातही प्रश्न येत नाही. ठसा देताना हात धुऊन कोरडे करावेत. एक बोट उमटले नाही तर दुसरे द्यायला सांगावे, घाबरून रांगेतून बाहेर पडू नये.

हजच्या काळात यात्रेकरूंचे पासपोर्ट अनेकदा तिथल्या सेवा देणाऱ्या कंपनीकडे जमा होतात. त्यामुळे पासपोर्ट हातात आहे तोवर, म्हणजे विमानतळावरच, सिम घेणे सोयीचे. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो फोनमध्ये असावेत आणि छापील प्रतही सोबत असावी. निघतानाच कुणी सौदी सिम हातात दिले तरी ते तुमच्या नावावर नोंदले गेले आहे की नाही, हे उतरल्यावर विचारून घ्यावे.

रस्त्यावर कुणी "ठसा नको, कागद नको, सिम चालू आहे" म्हणत स्वस्तात विकत असेल तर घेऊ नये. ते सिम दुसऱ्याच्या नावावर असते. कधीही बंद पडू शकते आणि त्यावरून काही भलतेच घडले तर परक्या मुलखात जबाब द्यायची पाळी येते.

एक फोन पुरत नाही

आता सर्वात महत्त्वाचे. बहुतेक घरांत असे ठरते की फोन अब्बांकडे राहील, अम्मी सोबतच आहे, तिला वेगळा कशाला? नेमकी इथेच गफलत होते. हरम शरीफमध्ये नमाजला स्त्रिया वेगळ्या जागी बसतात. मीनाच्या तंबूत पुरुष आणि स्त्रियांची सोय वेगळी असते. तवाफच्या गर्दीत हात सुटायला क्षण पुरतो. अम्मीकडे फोन नसेल तर अब्बांच्या फोनचा काय उपयोग? त्यांनी फोन लावायचा तरी कुणाला?

एवढ्या खर्चात एक साधा हँडसेट आणि एक सिम जास्त झाले तर आभाळ कोसळत नाही. एहराम दोघांचा वेगळा घेतो, तसा फोनही दोघांचा वेगळा घ्यावा.

"मला वाचता येत नाही, मला काय जमणार?" असे आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला म्हणाल्या होत्या. त्यांच्या फोनमध्ये चारच नंबर ठेवले: नवरा, मुलगा, ताफ्यातली एक सोबतीण आणि हज इन्स्पेक्टर. प्रत्येक नंबरावर त्या माणसाचा फोटो लावला. त्यांच्या नातीने रोज संध्याकाळी त्यांना घराच्या मागच्या दारी उभे करून अंगणातल्या आजोबांना फोन लावायला लावला. आठ दिवसांत खाला तयार झाल्या. शिकायला वय आड येत नाही, शिकवणाऱ्याला सवड हवी.

घरचे नंबर +९१ लावून साठवावेत, नुसते दहा आकडे तिकडून लागत नाहीत. सौदी नंबर भारतातून लावताना आधी +९६६ आणि मग सुरुवातीचा शून्य सोडून उरलेले आकडे. अडचणीच्या वेळी मक्केत ९११ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९७ हे नंबर आहेत.

व्हॉट्सअ‍ॅप, ओटीपी आणि घरचे

नवे सिम टाकल्यावर व्हॉट्सअ‍ॅप "नंबर बदलायचा का?" असे विचारते. "नाही" म्हणावे. जुन्याच भारतीय नंबरावरचे व्हॉट्सअ‍ॅप सौदी इंटरनेटवर चालते. सौदी अरबने इंटरनेटवरून बोलण्यावरची बंदी २०१७ मध्ये उठवली, तरी व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल प्रत्येक वेळी लागेलच असे धरून चालू नये. दुसरे एखादे कॉलिंग अ‍ॅप आधीच दोन्हीकडे घालून, एकदा बोलून पाहावे. लिहिलेला किंवा बोलून पाठवलेला संदेश मात्र सहज जातो. वाटेत दुबईला थांबणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येत नाही.

बँकेचा ओटीपी भारतीय नंबरावरच येतो. म्हणून निघण्यापूर्वी त्या सिमचे रोमिंग इथूनच सुरू करून घ्यावे आणि परत येईपर्यंत पुरेल एवढा रिचार्ज करावा. मदिनेत रियाज-उल-जन्नामध्ये नमाजसाठी नुसुक अ‍ॅपवरून वेळ घ्यावी लागते. ते खाते ज्या नंबरावर किंवा ईमेलवर उघडाल तो सोबत चालू असावा. आपल्या सरकारचे हज सुविधा अ‍ॅप मार्च २०२४ मध्ये आले, तेही इथूनच घालून घ्यावे.

घरच्यांनीही काही पाळावे. सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथे इशानंतर फोन करायचा तर आपल्याकडे मध्यरात्र जवळ येते. तिथले सकाळचे सहा म्हणजे इथले साडेआठ, ही वेळ दोघांना सोयीची. आपल्या जंगलपट्टीत वादळ आले, वीज गेली की टॉवरही जातो. म्हणून वडसा किंवा नागपूरच्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर दुसरा म्हणून द्यावा. मीना, अरफात आणि मुज्दलिफाच्या दिवसांत तिथले जाळे गर्दीने तुंबते. तेव्हा दिवसातून एक एसएमएस पुरे. फोन लागला नाही म्हणून घरात रडारड करू नये.

आणि +९६६ वरून अनोळखी माणूस "तुमच्या वडिलांना अपघात झाला, पैसे पाठवा" म्हणाला, तर आधी वडिलांच्या नंबरावर, नंतर सोबत्याच्या नंबरावर फोन करावा. म्हणूनच तिथले सिम सुरू होताच नवा नंबर घरी कळवायचा असतो.

फोन बंद पडला तर

तिथले सॉकेट तीन चौकोनी पिनांचे असतात, आपला चार्जर बसत नाही, अ‍ॅडॅप्टर न्यावा लागतो. उन्हात फोन तापून बंद पडतो, म्हणून तो पिशवीत, सावलीत ठेवावा. आणि फोन कितीही चांगला असला तरी गळ्यात एक कागद असावा: नाव, इमारत क्रमांक, तंबूचा क्रमांक, दोन फोन नंबर. भेटायची जागाही आधीच ठरवावी. हरमचे दरवाजे क्रमांकाने ओळखले जातात. किंग अब्दुल अजीज दरवाजा १ क्रमांकाचा, किंग फहद दरवाजा ७९ क्रमांकाचा. "चुकलो तर अमुक दरवाजावर" एवढे ठरलेले असले की निम्मी काळजी मिटते.

एवढी तयारी झाली की तिथे फोन कमीत कमी हातात घ्यावा लागतो. सकाळी घरी खुशाली कळवावी, जोडीदाराचा फोन चालू आहे ना ते पाहावे आणि फोन पिशवीत टाकावा. आयुष्यभर पै-पै जमवून तिथे पोहोचलेल्या माणसाचे डोळे काबा शरीफकडे असावेत, पडद्याकडे नव्हे.