चिखलातली बुलेट, पिसांची गादी आणि टायटॅनियमची फ्रेम

जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींवरचा आपला भाग इथे लिहून देतोय. ऐकताना नावं आणि वर्षं पटकन निसटतात, म्हणून. बोलताना जे थोडं घाईत गुंडाळलं होतं, तेही इथे नीट उलगडलंय.

सुरुवात बुलेटपासून, कारण ती आपल्या गल्लीतली. बुलेट म्हटलं की काय आठवतं? जड गाडी, सरळ हायवे, धक-धक फायरिंग आणि डोळ्यांवर गॉगल. आता हे ऐका. आज आपण जिला बुलेट म्हणतो ती गाडी पहिल्यांदा लोकांना दिसली ती चिखलात, दगडांवरून चढताना. १९४८ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये कोलमोर कप नावाची ट्रायल होती. तिथे रॉयल एनफिल्डने ३५० सीसीच्या नव्या बुलेटचे नमुने उतरवले. त्यांच्यात वेगळं होतं ते मागचं चाक. ते स्विंगआर्मवर होतं आणि दोन्ही बाजूंना शॉकअप होते.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, शॉकअप तर प्रत्येक गाडीला असतात. पण तेव्हा नसायचे. बहुतेक गाड्यांचं मागचं चाक थेट फ्रेमला बोल्ट केलेलं असायचं. स्प्रिंग फक्त सीटखाली. म्हणजे धक्का गाडी खायची नाही, तुमची कंबर खायची. आणि ट्रायलवाल्यांचं म्हणणं तर असं की चिखलात हेच बरं. मागे स्प्रिंग लावलीत तर चाक उड्या मारेल, पकड जाईल, खाली काय चाललंय ते कळणार नाही.

इथे ट्रायल म्हणजे काय ते सांगतो, कारण ही रेस नव्हे. डोंगरातली एखादी अवघड घळ, ओढा किंवा मुळांनी भरलेला चढ दोऱ्या लावून आखून देतात. तुम्ही तो गाडीवर बसून, शक्यतो पाय न टेकता पार करायचा. पाय टेकला की दंडाचे गुण चढतात, गाडी थांबली की अजून जास्त. ज्याच्या नावावर सगळ्यात कमी दंड, तो जिंकला. त्या घळीत वेगाला किंमत नाही, तोल आणि पकड हेच सगळं. बऱ्याचदा गाडी माणसाच्या चालण्यापेक्षाही हळू जाते.

आता विचार करा. कडक फ्रेमचं चाक दगडावर आपटलं की गाडीची अख्खी मागची बाजू वर उडते. चाक हवेत असतं तेवढा वेळ इंजिनची ताकद फुकट. उलट स्विंगआर्मवर फक्त चाक वर जातं, गाडी जवळपास तिथेच राहते, आणि स्प्रिंग चाकाला लगेच परत जमिनीवर दाबते. टायर जमिनीला चिकटून राहिलं तरच पकड मिळणार. कागदावर हे साधं दिसतं, पण वर्षानुवर्षं कडक फ्रेमवर जिंकलेल्या माणसाला कागद दाखवून उपयोग नसतो. त्याला निकाल दाखवावा लागतो. तो त्याच वर्षी इटलीत सान रेमोला मिळाला. इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायलमध्ये, म्हणजे सहा दिवसांच्या कठीण आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, ब्रिटिश संघ जिंकला. त्या संघातल्या दोन बुलेटस्वारांना सुवर्णपदकं मिळाली. त्यातले एक विक ब्रिटन. पुढे त्यांच्या मुलाने, जॉनी ब्रिटनने, एनफिल्डवरच स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल दोनदा जिंकली, १९५२ आणि १९५७ ला.

आपल्याकडे १९५० च्या दशकात सैन्यासाठी बुलेट घेतली गेली, १९५५ ला मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि पुढे मूळ इंग्लिश कंपनी बंद पडली तरी इथली चालूच राहिली. ही गोष्ट तुम्ही दहा वेळा ऐकली असेल, म्हणून पुढे जातो. एक गंमत मात्र सांगायलाच हवी. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला आणि पहिला गिअर वरच्या बाजूला. नवीन माणूस पहिल्यांदा बसला की ब्रेक समजून गिअरच दाबतो. ही काही आपल्या मेकॅनिकांची करामत नाही, ती तेव्हाची सर्रास ब्रिटिश पद्धत.

चला, आता चिखलातून डांबरावर. आयल ऑफ मॅन हे इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधलं छोटं बेट. इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्ते बंद करून रेस घ्यायला परवानगी नव्हती. बेटाची संसद वेगळी, तिने दिली. म्हणून १९०७ पासून टीटी तिथे. डोंगरावरून जाणारा तिथला मार्ग एका फेरीला ६०.७ किलोमीटर. गावातले रस्ते, दगडी कुंपणं, घरांच्या भिंती, दिव्याचे खांब, सगळं जसंच्या तसं. ट्रॅकसारखी बाजूला मोकळी जागा नाही. चूक झाली तर समोर भिंत. आजवर त्या मार्गावर २५० हून जास्त स्वार गेलेत. म्हणून "काय भारी काळ होता" असं उसासा टाकून म्हणण्यात मला मजा वाटत नाही. गाडी नीट वळते की नाही हा तिथे जिवाचा प्रश्न होता.

१९४० च्या दशकाच्या शेवटी नॉर्टनपुढे हाच प्रश्न होता. त्यांच्या मँक्स रेसरचं इंजिन उत्तम. एकच सिलेंडर, ५०० सीसी, आणि व्हॉल्व्ह हलवणारा कॅम वर डोक्यात. क्रँकपासून वरपर्यंत उभा शाफ्ट आणि दोन्ही टोकांना तिरके गिअर. पण इटलीच्या जिलेराकडे चार सिलेंडर होते. छोटे चार पिस्टन एका मोठ्या पिस्टनपेक्षा जास्त आरपीएम सहज घेतात, आणि आरपीएम म्हणजे पॉवर. सरळ रस्त्यावर नॉर्टन मागे पडणार हे गणितातच होतं. त्यात नॉर्टनची फ्रेम जुनी. स्वार तिला "बागेचं फाटक" म्हणायचे, यातच सगळं आलं.

उत्तर बेलफास्टहून आलं. रेक्स मॅककँडलेस नावाचा माणूस, भावाबरोबर स्वतःच्या डोक्याने फ्रेम बनवणारा. त्याने दोन लांब नळ्या घेतल्या, प्रत्येकीचा इंजिनभोवती पूर्ण वेढा केला, पुढे हँडलच्या मानेजवळ त्या एकमेकींना छेदून वेल्ड केल्या आणि मागे स्विंगआर्म लावला. बास. बघायला अगदी साधं. पण मान पिळवटत नाही म्हणून पुढचं चाक आणि मागचं चाक एकाच रेषेत राहतात. वेगात वळताना गाडीच्या मनात एक आणि तुमच्या मनात दुसरं असं होत नाही.

हॅरल्ड डॅनियल या नॉर्टनच्या स्वाराने ती चालवली आणि म्हणाला, पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं. नाव पडलं फेदरबेड. एप्रिल १९५० ला ब्लँडफर्डला तरुण जेफ ड्यूक ती घेऊन पहिल्यांदा उतरला आणि जिंकला. जूनमध्ये टीटीत ज्युनियर आणि सीनियर दोन्ही रेसमध्ये पहिले तिन्ही नंबर नॉर्टनचे. सीनियर ड्यूकने जिंकली, सात फेऱ्या, म्हणजे जवळपास ४२५ किलोमीटर, ताशी १४८ च्या सरासरीने. पावणेतीन तासांहून जास्त वेळ! गादीसारख्या फ्रेमचं महत्त्व इथे कळतं. तिसऱ्या तासाला ज्याचे हात अजून शाबूत आहेत, तोच ब्रेक नेमक्या जागी मारू शकतो.

त्या वर्षीचा जागतिक किताब मात्र एका गुणाने हुकला. भर रेसमध्ये टायरचा वरचा थर सुटून आला, तोही एकदा नाही. जिलेरावाला उम्बेर्तो मासेत्ती जिंकला. पुढच्या वर्षी ड्यूकने ३५० आणि ५०० दोन्ही किताब घेतले. कमी पॉवरच्या इंजिनने जास्त पॉवरच्या इंजिनला केवळ वळणांवर हरवलं. सॉफ्टवेअरवाल्यांनो, सर्व्हर मोठा न घेता कोड नीट लिहून वेग मिळवण्यासारखं हे. पण त्याला मर्यादा असते. नॉर्टनने चार सिलेंडरचं इंजिन काही रेसमध्ये उतरवलं नाही. १९५३ ला ड्यूक स्वतःच जिलेराकडे गेला आणि सलग तीन वर्षं ५०० चा चॅम्पियन झाला. इटालियन फ्रेम कशी सुधारायची हेही त्याने तिथे सांगितलं. नॉर्टनचं दुखणं यापेक्षा वेगळं सांगायला नको.

तरी मँक्स संपायला तयार नव्हती. १९६१ ला माइक हेलवुडने सीनियर टीटी मँक्सवर जिंकली, ताशी १०० मैलांच्या वरची सरासरी काढून. आणि १९६९ ला, जपानी कंपन्या सगळीकडे पसरल्यावर, गॉडफ्री नॅशने युगोस्लाव्हियात मँक्सवर ५०० ची ग्रांप्री जिंकली.

फेदरबेडला एक मजेशीर वारसाही मिळाला. छोट्या फॉर्म्युला थ्री कारना ५०० सीसीचं इंजिन लागायचं आणि मँक्सचं सर्वोत्तम. नॉर्टन नुसतं इंजिन विकेना. मग कारवाले अख्खी मोटरसायकल घ्यायचे, इंजिन काढायचे आणि उरलेला सांगाडा विकून टाकायचे. तो सांगाडा घेऊन पोरांनी त्यात ट्रायम्फचं इंजिन बसवलं. ट्रायम्फ अधिक नॉर्टन म्हणजे ट्रायटन. कॅफे रेसर हा शब्द आज शोरूममध्ये ऐकता ना, त्या स्टाइलची सगळ्यात गाजलेली गाडी हीच.

तिसरा प्रकार स्क्रॅम्बल, म्हणजे आजचं मोटोक्रॉस. माळरानावर, उड्या मारत, सगळे एकदम. इथे बीएसएचा जेफ स्मिथ. १९६४ आणि १९६५ चा ५०० वर्गातला जागतिक विजेता. आणि १९६४ ला त्याची गाडी पूर्ण ५०० सीसीची नव्हतीच, ४२० ची होती. कारण हलकी. चिखलातून वर उडी मारताना प्रत्येक किलो मोजावा लागतो.

मग बीएसएने तोच विचार टोकाला नेला. १९६६ साठी टायटॅनियमची फ्रेम. स्टीलपेक्षा कितीतरी हलकी, आणि महाग तर विचारूच नका. पण टायटॅनियम गरम असताना हवा लागली की ठिसूळ होतं, त्यामुळे ते निष्क्रिय वायूच्या आवरणात वेल्ड करावं लागतं. स्टीलची फ्रेम तडकली तर मैदानाशेजारच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये टाका मारून पुढची रेस पळता येते. ही तडकली की विषय संपला. आणि ती तडकत होती. किताब पूर्व जर्मनीचा पॉल फ्रीड्रिक्स टू-स्ट्रोक सीझेडवर घेऊन गेला.

ट्रायलमध्येही तेच. सॅमी मिलर जुन्या धाटणीच्या ५०० सीसी एरियलवर वर्षानुवर्षं जिंकत होता. गाडीचा नंबर जीओव्ही १३२, आजही शौकिनांना पाठ. त्याने तिचं वजन शक्य तिथून कमी केलं होतं. मग १९६४ च्या शेवटी तो स्पेनच्या बुल्टाकोकडे गेला, त्यांच्यासाठी अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक शेर्पा घडवली आणि १९६५ ला तिच्यावर स्कॉटिश सिक्स डेज जिंकली. मोठ्या फोर-स्ट्रोकचा ट्रायलमधला काळ तिथे आटोपला. माझ्या मते ब्रिटिश कंपन्यांना जपान्यांनी मारलं हे अर्धंच खरं आहे. ड्यूक, मिलर, हेलवुड, सगळे घरचेच लोक आधी दुसऱ्यांच्या गाडीवर जाऊन बसले होते, कारण घरी नवं इंजिन मिळत नव्हतं.

कुणी इंग्लंडमध्ये असाल तर दोन ठिकाणं लिहून ठेवा. बर्मिंगहॅमजवळचं नॅशनल मोटरसायकल म्युझियम आणि हॅम्पशायरमध्ये न्यू मिल्टनला खुद्द सॅमी मिलरचं म्युझियम. इथे असाल तर गुडवुड रिव्हायव्हलचे व्हिडिओ शोधा, त्यात मँक्स आजही रेस करते. हेडफोन लावा, आणि वळणाआधी गिअर उतरवतानाचा आवाज ऐका. त्या वेळी स्वाराच्या पायाकडे बघा, बहुतेकदा उजवा हललेला दिसेल.