बोलणारा आणि सांगणारा

सोमवारी शाळा सुटताना गोपाळ माधवला म्हणाला, “मी उद्या तुझे पुस्तक येथे आणीन.” मंगळवारी पुस्तक आले नाही. बुधवारी इंग्रजीच्या तासाला गुरुजींनी पुस्तकाविषयी विचारले, तेव्हा माधवने मनातले मराठी वाक्य तसेच इंग्रजीत उतरवले : “गोपाळ सेड दॅट आय विल ब्रिंग युवर बुक हिअर टुमॉरो.” त्याचा अर्थ असा झाला की, पुस्तक गुरुजींचे आहे, ते माधव आणणार आहे आणि तेही गुरुवारी! वचन दिले गोपाळने, आणि ते पडले माधवच्या गळ्यात.

मराठीत ‘गोपाळ म्हणाला की, मी पुस्तक आणीन’ असे म्हटले, तरी ‘मी’ म्हणजे गोपाळ, हे ऐकणारा संदर्भाने जाणतो. इंग्रजीची रीत निराळी आहे.

इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे दोन प्रकारांनी सांगता येते. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत ठेवले, तर ते प्रत्यक्ष कथन, म्हणजे ‘डायरेक्ट स्पीच’ होय. त्यात एका शब्दाचाही फरक करावयाचा नसतो. तोच आशय सांगणाऱ्याने आपल्या शब्दांत मांडला, तर ते अप्रत्यक्ष कथन, म्हणजे ‘इनडायरेक्ट स्पीच’ होय. येथे अवतरणचिन्हे जातात आणि सारे वाक्य सांगणाऱ्याच्या दृष्टीने रचावे लागते.

म्हणून माधवने असे म्हणावयास हवे होते : “गोपाळ टोल्ड मी दॅट ही वुड ब्रिंग माय बुक हिअर द नेक्स्ट डे.” आणणारा गोपाळ, म्हणून ‘आय’चे ‘ही’ झाले. पुस्तक माधवचे, म्हणून ‘युवर’चे ‘माय’ झाले. बोलणे होऊन गेलेले, म्हणून ‘विल’चे ‘वुड’ झाले. सोमवारचा ‘उद्या’ बुधवारी उरला नाही, म्हणून ‘टुमॉरो’च्या जागी ‘द नेक्स्ट डे’ आले. माधव शाळेतच बोलत होता, म्हणून ‘हिअर’ मात्र कायम राहिले. घरी आईला सांगताना त्याचे ‘देअर’ झाले असते.

प्रश्न सांगताना ‘सेड’ऐवजी ‘आस्क्ड’ येते व वाक्यरचना साध्या विधानासारखी होते. ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ यासारखे त्रिकालाबाधित सत्य सांगताना काळ बदलावा लागत नाही.

हे नियम केवळ पाठ करून भागत नाही. कोण बोलले, कोणाला बोलले, केव्हा आणि कोठे बोलले, हे चार प्रश्न स्वतःला विचारले की योग्य शब्द आपोआप सुचतो. दुसऱ्याचे बोलणे सांगताना शब्द बदलले तरी चालतील. त्याचा अर्थ बदलता कामा नये.