आपल्या मुलांना गोष्ट सांगता आली पाहिजे

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडली, की 'माझी सुटी' हा निबंध हमखास लिहायला येतो. मुले गाईड काढतात आणि त्यातला निबंध वहीत उतरवतात. त्या निबंधातला मुलगा मामाच्या गावी जातो, आंब्याच्या बागेत खेळतो, नदीत पोहतो. वाडीच्या वस्तीतल्या मुलाने सुटीत पाहिलेले असते ते वेगळेच: अमरावती रोडला रात्रभर उभे असलेले ट्रक, गोडाऊनमध्ये बाबांनी पाठीवर वाहिलेली पोती, पाण्यासाठी लागलेली रांग, आजीच्या तोंडून ऐकलेला दीक्षेचा दिवस. परंतु हेही लिहिण्यासारखे आहे, असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

ज्याला आपली हकिकत सांगता येत नाही, त्याची हकिकत दुसरा सांगतो, आणि ती आपल्या सोयीने सांगतो. आपल्या समाजाने हे पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. म्हणून मुलांना गोष्ट रचायला आणि सांगायला शिकवणे हे अभ्यासाइतकेच महत्त्वाचे काम आहे. अनेक आई-वडील म्हणतात, "आम्हीच चौथी शिकलो, आम्ही काय शिकवणार?" पण त्यासाठी पदवी लागत नाही. जेवण झाल्यावरची वीस मिनिटे, बाजूला ठेवलेला मोबाइल आणि पाच प्रश्न, एवढ्यावर भागते.

सशाची गोष्ट आणि पाच प्रश्न

आपल्या घरात गोष्टींचा मोठा खजिना आहे. पाली जातकात ५४७ कथा आहेत. त्यातले दद्दभ जातक पाहा. बेलाच्या झाडाखाली ताडाचे एक लहान रोप होते. त्याच्या सावलीत पडलेला ससा विचार करीत होता, 'पृथ्वी दुभंगली तर माझे काय होईल?' तेवढ्यात एक पिकलेले बेलफळ ताडाच्या पानावर धाडकन पडले. पृथ्वी फुटली असे वाटून ससा पळत सुटला. त्याला पाहून दुसरे ससे पळाले, मग हरणे, डुकरे, म्हशी, वाघ, हत्ती, सगळे रान पळू लागले. असेच पळत राहिले तर समुद्रात बुडून मरतील, हे सिंहाने ओळखले. त्याने सर्वांना अडवले आणि विचारले, "पृथ्वी फुटताना कोणी पाहिली?" हत्तीने वाघाकडे बोट दाखवले, वाघाने आणखी कोणाकडे. शेवटी सगळे सशापाशी आले. सिंहाने सशाला पाठीवर घेतले, त्या जागी नेले आणि खाली पडलेले बेलफळ दाखवले.

गोष्ट सांगून झाली, की मुलांना पाच प्रश्न विचारा.

पहिला, गोष्ट कोणाची? हे पात्र. ससा कसा आहे? फळ पडण्याआधीच त्याच्या मनात भीती होती, हे मुलांना शोधू द्या. पात्राचा स्वभाव गोष्ट पुढे ढकलतो.

दुसरा, कुठे आणि केव्हा? हे स्थळ आणि काळ. बेल आणि ताडाचे पान नसते तर आवाजच झाला नसता.

तिसरा, काय बिघडले? हा पेच. पेच नसेल तर ती गोष्ट होत नाही, नुसते वर्णन होते.

चौथा, पुढे काय झाले आणि का? मुले 'मग' या शब्दावर गोष्ट चालवतात: ससा पळाला, मग हरीण पळाले. त्यांना 'म्हणून' म्हणायला शिकवा: ससा पळाला म्हणून हरीण पळाले. 'मग' ने घटना ओळीने लागतात, 'म्हणून' ने त्यांचे कारण कळते. कारण विचारणे ही तर तथागतांची शिकवण.

पाचवा, शेवटी काय बदलले? रान तेच आहे, पण आता प्राण्यांना खरे काय ते ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट सशाच्या तोंडून सांगायला लावा. तिसऱ्या दिवशी सिंहाच्या, चौथ्या दिवशी बेलाच्या झाडाच्या तोंडून. सांगणारा बदलला की गोष्ट बदलते, हे मुलाला आपोआप कळते. असे मूल पुढे बातमी वाचताना किंवा मोबाइलवर आलेला निरोप पाहताना सहज विचारील, 'हे सांगतो कोण? पाहिले कोणी?'

गोष्टीच्या शेवटी तात्पर्य मात्र चिकटवू नका. मुलालाच विचारा, "तुला काय वाटले?" त्याचे उत्तर आपल्यापेक्षा निराळे आले, तरी ऐकून घ्या.

मसूर स्टेशनवरची चार मुले

खरी हकिकत कशी सांगावी, याचा धडा परमपूज्य बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने काही आठवणी लिहिल्या. त्यातली पहिली १९०१ सालची. भीमराव, त्यांचा थोरला भाऊ आणि दिवंगत बहिणीची दोन मुले, नवे कपडे घालून साताऱ्याहून वडिलांना भेटायला आगगाडीने निघतात. मसूर स्टेशनवर उतरतात, तर घ्यायला कोणीच आलेले नाही. स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करतो. पण मुले महार आहेत असे कळताच त्याचा चेहरा पालटतो. कोणी गाडीवान यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार होतो, तोही मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर. सोबत जेवण आहे पण प्यायला पाणी नाही, आणि कोणी देतही नाही. मुले रात्रभर उपाशी राहतात.

हा प्रसंग मुलांना सांगा आणि तेच पाच प्रश्न विचारा. मग एक सहावा विचारा: नवे कपडे कशाला सांगितले? त्या कपड्यांतला आनंद आधी दिसला, म्हणून पुढचा अपमान अधिक झोंबतो. अन्याय झाला, असे ओरडून सांगावे लागत नाही. स्टेशनमास्तरचा बदललेला चेहरा ते सांगतो. नेमकी गोष्ट, नेमका तपशील, यातच लेखनाची ताकद आहे.

कल्पित म्हणजे खोटे नव्हे

काही उपासिका विचारतात, मनाने गोष्ट रचणे हे पंचशीलातल्या मुसावादात येते काय? खोटे बोलणारा ऐकणाऱ्याला फसवण्यासाठी बोलतो. गोष्ट ऐकणाऱ्याला मात्र ठाऊक असते की ससे बोलत नाहीत. फरक मुलांना समजावून द्या: घडलेले सांगताना पदरचे घालायचे नाही; गोष्ट रचताना ससा बोलू दे, ट्रक रडू दे, पण त्यातले सुख-दुःख खरे असू दे.

कोणीही लिहू शकते

१८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले आणि 'फकिरा' लिहिली. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे लहानसे दुकान होते. गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता त्या घरच्यांपासून लपवून लिहीत राहिल्या, आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. नागपूरच्या कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट' (१९८१) मध्ये, संस्कृत शिकताना वाट्याला आलेले अनुभव सांगितले. यांच्यापैकी कोणी आपले जगणे क्षुल्लक मानले नाही.

मुलाने "मले", "तुले", "काऊन" असे म्हटले, तर सांगताना त्याला मध्येच अडवू नका. आधी गोष्ट येऊ द्या, शुद्धलेखन नंतर. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे, मोठ्या भावंडाने वहीत उतरवावे. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वाचन संपल्यावर अर्धा तास मुलांना द्यावा. आठवड्याला दोन मुलांनी उभे राहून आपली गोष्ट सांगावी, बाकीच्यांनी पाच प्रश्न विचारावेत. चारचौघांत उभे राहून, काय घडले ते क्रमाने आणि कारणासह सांगणारे मूल उद्या साहेबाच्या टेबलापुढेही अडखळणार नाही.

आणि एक काम लवकर करण्यासारखे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जे मूल दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहे. तो दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसे आपल्या वस्त्यांतून दरवर्षी कमी होत आहेत. आपल्या मुला-मुलींना वही घेऊन त्यांच्यापाशी पाठवा. कोणाबरोबर निघालात? कुठून, कसे आलात? वाटेत काय अडले? का आलात? घरी परतल्यावर काय बदलले? हेच ते पाच प्रश्न. ती उत्तरे कोणत्याही गाईडमध्ये मिळणार नाहीत. ती आपल्या मुलांच्याच हस्ताक्षरात उरतील.

जयभीम!