एडका ठेवायचा कोणता?

कळपातला कोणता नर ठेवायचा आणि कोणता विकायचा, याएवढा मोठा निर्णय मेंढपाळाच्या वर्षात दुसरा नसतो. मेंढीची निवड चुकली तर नुकसान एका मेंढीपुरतं राहतं. एडका चुकला तर पुढची सगळी पिढी चुकते. धनगराला हे कुणी शिकवावं लागत नाही. तो आधी कोकराची आई बघतो, तिला दूध किती, मागची कोकरं कशी वाढली ते आठवतो. मग पाठीची लांबी, छाती, पाय, अंडकोष. जिथे अजून घोंगडी विणली जाते तिथे लोकरीचा काळा रंगही.

या पारखण्यात एक गोष्ट मात्र डोळ्यांना कधीच दिसत नाही. या नराच्या लेकी पुढे एक कोकरू देणार की दोन? सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नारी'ने, याच प्रश्नावर दीर्घ काळ काम केलं आहे.

बनबिहारी विष्णू निंबकरांनी ही संस्था 1968 साली काढली. करडई, गोड ज्वारी यांवरचं तिचं काम शेतकऱ्यांना ठाऊक आहे. शेळ्यामेंढ्यांचा विभाग उभा केला तो त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी. त्या इरावती कर्व्यांच्या नात. इरावतीबाईंनी महाराष्ट्रातल्या माणसांचा अभ्यास ज्या भागांत फिरून केला, त्याच मुलखातल्या मेंढरांच्या वंशावळीत नातीने आयुष्य घालवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नारीचा मुद्दा सरळ होता. गायरानं आक्रसत चालली आहेत, उसाखाली गेलेल्या रानात मेंढरांना थारा नाही, घोंगडीची मागणी घटल्याने लोकर कवडीमोल झाली आहे. शेतात मेंढ्या बसवल्याचे पैसे किंवा धान्य मिळतं, पण धनगराचं पोट खरं चालतं ते तीन-चार महिन्यांचं कोकरू व्यापाऱ्याला विकून. आता मेंढ्यांची संख्या वाढवायची तर चारा कुठला? तेव्हा आहे त्याच मेंढीने जास्त कोकरं दिली पाहिजेत. दख्खनी मेंढी काटक, उन्हातान्हात मैलोन्मैल चालणारी, दुष्काळ काढणारी. पण ती बहुधा एकच कोकरू देते.

जुळी देणारी मेंढी होती बंगालच्या सुंदरबनात. गारोल तिचं नाव. दलदलीत, गुडघाभर पाण्यात चरणारी ही मेंढी भरली तरी दहा-पंधरा किलोची, पण तिला जुळी नेहमीची आणि तिळीही होतात. तिच्या कुळाची हकीकत मोठी विलक्षण आहे. 1790च्या दशकात कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या आणि तिथल्या कळपांत मिसळून गेल्या. दीडशेहून अधिक वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या बुरुला नावाच्या मेंढपाळी शेतावर मेरिनो मेंढ्यांना भराभर जुळी-तिळी होताना दिसली आणि शास्त्रज्ञांनी त्या मेंढ्या अभ्यासाला घेतल्या. या गुणाचं मूळ बंगालात असावं, हा तर्क हेलन न्यूटन टर्नर या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ बाईंनी मांडला होता. 2001 साली जनुक नेमकं सापडलं आणि पाठोपाठ तेच जनुक गारोलमध्येही असल्याचं सिद्ध झालं. जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलाने अंडाशयातून एका वेळी सुटणाऱ्या बीजांची संख्या वाढते. या जनुकाला 'फेक-बी' म्हणतात.

नारीचा प्रकल्प सुरू झाला 1998च्या सुमारास, ऑस्ट्रेलियाच्या कृषी संशोधन निधीच्या मदतीने. सोबत तिथलं न्यू इंग्लंड विद्यापीठ आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती. काम सांगायला सोपं, करायला चिवट. गारोलच्या एडक्याशी दख्खनीचा संकर केला की जुळ्यांचा गुण येतो, पण बुटकेपणाही येतो. गारोलचं कोकरू जन्मतः जेमतेम एक-दीड किलोचं. असलं कोकरू माणदेशी उन्हात कितीसं टिकणार? म्हणून संकरित मेंढरांचा पुन्हा पुन्हा दख्खनीशी संकर करत जायचं आणि प्रत्येक पिढीत फक्त तेवढं एक जनुक राखायचं. थेट चाचणी येण्यापूर्वी ते राखलं आहे की नाही हे कळायला जनुकाशेजारच्या खुणांवरून अंदाज बांधावा लागे, नाहीतर लेकी विण्याची वाट पाहावी लागे. आता कोकराच्या रक्ताच्या थोड्या नमुन्यावर काम भागतं. या खटाटोपातून जो वाण तयार झाला त्याला 'नारी सुवर्णा' असं नाव मिळालं.

जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला एडका कळपात सोडला की त्याच्या प्रत्येक लेकीला एक प्रत मिळतेच. एक प्रत असलेली मेंढी एक किंवा दोन कोकरं देते, तिळी क्वचित. हे प्रमाण मला या कामातली सर्वात शहाणपणाची गोष्ट वाटते. प्रत्येक वेताला तीन-तीन कोकरं होऊ लागली असती तर आईच्या दुधाने ती पोसली नसती, आणि रोज मुक्काम हलवणाऱ्या कळपाला तिळ्यांचं ओझं झेपणारं नाही.

जुळीसुद्धा फुकट वाढत नाहीत. संध्याकाळी कळप परत आला की वाघरीच्या जाळीत कोंडलेली कोकरं आयांसाठी कालवा करतात. जुळ्यांतलं जे दांडगं ते आधी आईला लुचतं, दुसरं ढकललं जातं. तेव्हा घरातली बाई त्या मागे पडलेल्याला उचलते, त्याचं तोंड सडाला लावते आणि पोट भरेपर्यंत दुसऱ्याला गुडघ्याने थोपवून धरते. आईचं दूध कमी पडलं तर कळपातल्या शेळीला लावते; मेंढ्यांत चार शेळ्या बाळगतात त्या यासाठीही. मुक्काम हलला की तान्ही कोकरं घोड्यावर, बाजल्याभांड्यांच्या सोबतीने. जुळ्यांमुळे वाढलेलं काम पडतं ते या बाईच्या अंगावर. नव्या वाणाचा हिशेब मांडताना तिची ही मेहनत खर्चाच्या बाजूला लिहिलीच पाहिजे.

नारीने हे काम संस्थेच्या गोठ्यात ठेवलं नाही. मेंढपाळांच्या कळपांत एडके दिले, मेंढ्यांच्या कानांत बिल्ले घातले, कोण कधी व्याली, किती कोकरं जगली याच्या नोंदी धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे त्यांच्या फिरत्या मुक्कामावर, जाऊन ठेवल्या, औषधपाणी पुरवलं. कारण सुधारलेली जात टिकते की नाही हे अखेर ठरतं वाड्यावरच. आणि तिथे खरी अडचण येते. एडक्याचा गुण त्याच्या अंगावर दिसत नाही, लेकीत दिसतो. लेक वाढून, फळून, व्यायला दोनएक वर्षं जातात. मधे दुष्काळ पडला, घरात लग्न निघालं, तर तीच लेक बाजारात जाते. नराचं तर आणखी अवघड. सगळ्यात भराभर वाढलेल्या नर कोकराला व्यापारी सगळ्यात आधी पैसे मोजतो. जो बाप व्हायला हवा तोच कसायाकडे जातो आणि मागे राहिलेला खुरटा नर माद्यांना लागतो. गरिबाच्या कळपाची पत पिढ्यान्‌पिढ्या घसरते ती अशी.

या दुखण्यावर इथिओपियातल्या मेंढपाळांनी काढलेला तोडगा आपल्याकडे नीट पाहिला पाहिजे. 2009पासून बोंगा, होरो, मेन्झ या भागांत आंतरराष्ट्रीय पशुसंशोधन संस्था आणि व्हिएन्नाच्या कृषी विद्यापीठाच्या साथीने गावोगावच्या लहान पशुपालकांनी मिळून पैदाशीची व्यवस्था बसवली. कोकरांची वजनं आणि वेतं नोंदली जातात. ठरल्या दिवशी गावातले तरणे नर एका जागी आणतात. नोंदींवरून काही नर पुढे येतात. मग गावानेच निवडलेली समिती त्यांना हाताने चाचपून, डोळ्याने पारखून शेवटची निवड करते. निवडलेले नर गटागटाने वाटून वापरतात, उरलेले खच्ची करून किंवा आधीच विकून टाकतात. मालकाला चांगला नर राखण्याचा तोटा एकट्याने सोसावा लागू नये म्हणून सामाईक निधी असतो. तिथे जनुकाची चाचणी नव्हती, बाहेरची जातही आणली नाही. आहे त्याच मेंढ्यांतले चांगले नर कसायाआधी गावाने राखले, एवढंच. आणि बोंगाच्या एडक्यांना बाहेरून गिऱ्हाईक येऊ लागलं.

फलटणकडे जनुक आहे, चाचणी आहे, नोंदींची सवय आहे. फिरत्या धनगराचं गाव असं एका जागी नसतं, तेव्हा बोंगाची समिती जशीच्या तशी इथे बसणार नाही. पण वाडा आहे. पाचदहा घरांची मेंढरं दिवाळीनंतर एकत्र निघतात, कुठे उतरायचं, कुणाच्या शेतात बसायचं हे जाणते मिळून ठरवतात. एकेकट्या मेंढपाळाऐवजी सबंध वाड्याला एडका दिला, जनुक असलेल्या मेंढ्यांना त्याच्यापासून झालेल्या नर कोकरांची चाचणी वाडा निघण्याआधी झाली, आणि दोन प्रतींचं जे कोकरू सापडेल त्याची बाजारभावाने किंमत मालकाला वाड्याने चुकती केली, तर ते कोकरू व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढणार नाही. चाचणीचा खर्च कुणी उचलायचा, हे सरकारने आणि मेंढपाळांच्या संघटनांनी बसून ठरवायचं आहे.